थेट अंतर

अँकरेज ते मायामी:
चार हजार मैल, वर पाच.
वेळ साडेआठ तास,
चढण्या-उतरण्याचा अर्धा तास धरून.

हिशेब चोख आहे. फक्त
असं विमान नाही.

जे आहे ते आधी सिअ‍ॅटलला नेतं,
पहाटे ओलसर गालिच्याच्या वासात
पाच तास बसवून ठेवतं,
मग डॅलस, मग आणखी एक गेट,
आणि हेमांगीच्या दाराची बेल वाजवेन तेव्हा
एकोणीस तास झालेले असतील,
घड्याळ मात्र म्हणेल, तेवीस.

मिरजेत रमाकाकू सगळ्यांना सांगते,
"बरं झालं बाई, भाऊ-बहीण एकाच देशात.
अडीअडचणीला धावून जाता येतं."

धावून.

सकाळचे साडेनऊ. खिडकीत अजून रात्र.
तिकडे दीड वाजलाय,
तिचं दुपारचं औषध पोटात गेलंय,
फोनमध्ये मागे कुणीतरी गवत कापतंय.
डिसेंबरात गवत!
विचारायचं असतं, केस सगळे गेले का.
विचारतो, "ऊन आहे?"
"भरपूर. पाठवू थोडं?"

बोलता बोलता मी पोराचा जुना ग्लोब ओढतो,
दात कोरायचा दोरा ताणून धरतो
तिच्यापासून माझ्यापर्यंत.
सपाट नकाशावर जी रेघ आपण मारू
तिथे तो थांबतच नाही,
सरकतो वर,
युकॉनच्या बर्फावरून, सस्कॅचेवानच्या गव्हाच्या शेतांवरून.
एकाच देशातली दोन गावं, काकू,
आणि जवळचा रस्ता परमुलखातून.

लांबी म्हणाल तर
वीतभरही भरत नाही.

"मिरज-सांगली किती होतं रे?"
"सहा मैल."
"सायकलवर?"
"अर्धा तास."
"आणि मी मागे बसले की?"
"पाऊण. तू पाय घासत यायचीस."
ती हसते. हसण्याचा खोकला होतो.
खोकला थांबेपर्यंत मी दोरा
बोटाला गुंडाळत राहतो, बोट पांढरं पडेपर्यंत.

तो वरचा पाव तास
कुठल्या वेळापत्रकात लिहितात?

रात्री पाळीवर नेहमीचंच काम:
पाळण्यात उभं राहून पाइप उचलायचा,
गरम नारिंगी द्रव पंखांवर सोडायचा,
बर्फाचे पापुद्रे गळून पडतात, वाफ होते,
वाफेच्या पलीकडे खिडकीत
एखादा चेहरा, झोपाळलेला, दक्षिणेकडे निघालेला.
"पंख मोकळे," मी रेडिओवर सांगतो.
अकरा वर्षं हेच सांगतोय
दुसऱ्यांच्या विमानांना.

रजेचा अर्ज साहेबाच्या टेबलावर आहे.
तिकीट त्याआधीच काढलं.
मधली सीट, दोन थांबे.

जाताना चार तास हरवतात,
परत येताना ते मिळतात म्हणे.
परतीचं मी अजून
काढलेलं नाही.