मधले सहा व्होल्ट

अठरा येतात, बाराच लागतात.
मधल्या सहांचं काय करायचं,
एवढाच प्रश्न आहे खरं तर,
आणि लॅमिंग्टन रोडवर त्याची दोन उत्तरं मिळतात
एकाच काउंटरवर, शेजारशेजारच्या डब्यांत.
मुर्तझाभाई मान वर न करता विचारतात,
"लिनिअर देऊ का स्विचिंग?"

पहिला तीन पायांचा, काळा, मुका.
जास्तीचं सगळं अंगावर घेतो
आणि तापतो. एवढंच त्याला येतं.
पाठीला ॲल्युमिनियमचा पत्रा बांधावा लागतो,
मध्ये पांढरी पेस्ट, भाकरीला लोणी लावावं तशी.

दुसरा हुशार.
सेकंदाला दीड लाख वेळा दार उघडतो, लावतो,
गरजेपुरतंच आत घेतो,
कॉइलमध्ये थोडं राखून ठेवतो.
थंड असतो. हात लावून बघा.

सकाळीच एक घेतला होता
हरेश्वर तांडेलच्या बोटीसाठी, बिनविचार:
भाऊच्या धक्क्यापासून लांब, अख्खी रात्र,
बॅटरीत असेल तेवढीच वीज.
तिथं ऊब कुणाला परवडते?

त्याच हातानं मग
आजगावकरबाईंच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यातही तोच बसवला.
स्कोपवर रेघ जवळजवळ सरळ.

ठाकुरद्वारला, दुसऱ्या मजल्यावर, पेटी लावली.
बाईंनी डोळे मिटले. उघडले.
"षड्जाच्या मागं कुणीतरी शीळ घालतंय."
मला काही ऐकू येईना.
"आवाज बारीक कर."
केला.
आणि आली. डासाएवढी.

काम भरपूर असतं तोवर तो गप्प असतो;
भार उतरला की ठोके गाळू लागतो
आणि गाळता गाळता कानाच्या टप्प्यात येतो.
मी हे डेटाशीटमध्ये वाचलं होतं,
बारीक अक्षरांत, शेवटून दुसऱ्या पानावर.

तिथंच वर्तमानपत्र पसरलं, सोल्डरगन तापवली,
कॉइल काढली, तीन पायांचा काळा बसवला.
पेपरच्या कडेला हिशेब मांडला:
सहा व्होल्ट, अर्धा अँपिअर, तीन वॅट,
रोजचा रियाज चार तास.
"पावणेतीन महिन्यांत एक युनिट नुसतंच जळेल, बाई."
"युनिट म्हणजे किती?"
सांगितलं.
त्या उठल्या, कपाटातल्या डबीतून
तेवढी नाणी मोजून माझ्यापुढं ठेवली,
जणू बिल मीच भरणार होते.

पंचम. षड्ज. षड्ज. खर्ज.
मागं कुणीच नव्हतं.

अर्ध्या तासानं पत्र्याला बोट लावून पाहिलं:
चटका नाही, कणकण आहे.
झाकणाला चार भोकं जास्तीची पाडली,
वारं खेळावं म्हणून.

चपला घालताना वळून पाहिलं,
तर बाईंची एका डोळ्याची मांजर
नेमकी त्याच भोकांवर पोट टेकून
डोळा मिटून पडली होती,
सहांतले निदान दोन व्होल्ट
आपल्या नावावर करून.