पुढचा

वर्षातून दोनदा, लेंट लागण्याआधी एकदा
आणि गवत कापून झाल्यावर एकदा,
हॅलम येतो, कोट खुंटीला अडकवतो
आणि टॉर्च दातात धरून ऑर्गनच्या पोटात शिरतो.
मी बाहेर स्टुलावर.
एक पट्टी दाबायची, धरून ठेवायची,
आतून ‘पुढचा!’ ऐकू आलं की बोट उचलायचं.
गावाला वाटतं, मला वाजवता येतं.
मला एका वेळी एकच सूर येतो,
तोही दुसऱ्याला हवा तेवढा वेळ.

सकाळचे नऊ. यॉर्कशरचा गारठा, ओल्या लोकरीचा वास.
मागच्या बाकावर गुरुवारच्या सूपचे वाडगे
अजून पालथेच.

पुढचा.
ही पट्टी पिवळी, कवळीच्या गोंदाने चिकटवलेली.
विनिफ्रेड ऑक्सटोबीचं काम. एकेचाळीस वर्षं तिने
या दरीतली लग्नं लावली, माणसं पोचवली,
आणि एकही स्तोत्र वेळेत संपवलं नाही.
शेवटी संधिवाताने उजवा पाय धरला,
खालच्या पायपट्ट्यांपर्यंत पोचेना.
मग खर्ज ती सोडून द्यायची
आणि तिसऱ्या बाकावरून लेन आस्क तो भरायचा.
ठरवून काही नव्हतं. एरवी दोघं बोलतही नसत,
कुंपणाच्या जुन्या भांडणापासून.

लेनला देवाबद्दल विचारलं तर म्हणे,
‘त्याचं तो बघेल. मला इथे सूर लागतो.
शिवाय स्टोव्ह बरा आहे तुमचा.’

पुढचा.
जनावरांच्या रोगाचं ते वर्ष.
फाटकाफाटकाशी औषधात भिजवलेला पेंढा,
कुणी कुणाच्या अंगणात पाय टाकायचा नाही.
रविवारी साडेदहाला विनिफ्रेडने दारं सताड उघडली
आणि रिकाम्या बाकांना पाठ करून वाजवायला बसली.
वारा आमच्या बाजूचा होता.
आम्ही आपापल्या फाटकाशी उभे राहून गायलो,
ज्याचा त्याचा भाग, सवयीने.
ओढ्यापलीकडून लेन ऐकू येत होता.
आदल्या दिवशी त्याची चारशे मेंढरं मारून जाळली होती.
नुसता खर्ज.
एकट्या खर्जाला चाल नसते,
लांबून वाटतं, कुणीतरी दगड सरकवतंय.
माझ्या आईने वरचा भाग मध्येच टाकला
आणि आयुष्यात पहिल्यांदा
त्याच्या शेजारचा सूर धरला. बेसूर, पण शेवटपर्यंत.

पुढचा.
पुढचा.

हा.
हा लेनच्या अंत्यविधीत अडकला होता.
स्तोत्र संपलं, पट्टीवरून बोट उचललं,
आणि हा आपला घुमतोच आहे.
वाजवायला शाळेतला पोरगा, कानापर्यंत लाल.
रेव्हरंड इफेओमा पुस्तकावर हात ठेवून थांबल्या.
घाई केली नाही त्यांनी.
मग कुणीतरी, बहुतेक पोस्टातली ब्रेंडा,
तोंड मिटून त्यात आपला सूर मिसळला.
मग दुसरं बाक. मग भिंतीला टेकलेले लिलावातले मेंढीवाले,
पबचा मालक, जो फक्त गाड्या लावायच्या वादासाठी
चर्चच्या आवारात येतो.
शब्द नव्हते. कुणी आमेनही म्हटलं नाही.

मोटार शेवटी मीच बंद केली.
पण सूर लगेच जात नाही.
भात्यात हवा असते तोवर
उतरत राहतो, आपल्याला माहीत नसलेल्या
पट्ट्यांमधून, खाली.
मग नुसता श्वास.
मग कुणाच्या तरी बुटाचा आवाज.

‘काय होतं रे तेव्हा?’ मी विचारते.
लाकडामागून उत्तर येतं, ‘चुन्याचा कण.
सातूच्या दाण्याएवढा. झडपेत.’
‘काढलास?’
‘कधीच. पुढचा.’

गायकवृंदात आता पाच जण,
त्यात दोघींना मिळून एक चष्मा.
हॅलमचं बिल सूपच्या डब्यातून जाईल,
उरलेलं नाताळनंतर.

‘पुढचा!’ आणि जरा वेळाने,
‘हेस्टर, झोपलीस का?’

नाही.
धरून बसलेय.