नाळे बा

नंदगडहून पहिली गाडी सव्वापाचला.
खानापुरात उतरून दुसरी.
बेळगावात पोचेपर्यंत खिडकीपुढं पन्नास डोकी
आणि खिडकीत कट्टीमनी, चष्मा कपाळावर:
"सर्वर इल्ला. नाळे बन्नि."

लहानपणी आमच्या गल्लीत
दारांच्या चौकटीवर कोळशानं लिहिलेलं असायचं,
नाळे बा. उद्या ये.
रात्री भूत यायचं, वाचायचं, माघारी जायचं.
दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.
मला वाटायचं, केवढं भोळं,
लिहायवाचायला शिकून फसलं.
आता पिशवीत आधार, चार फोटो, लर्निंगचा कागद घेऊन
मीच त्याच्या जागी येतो, वाचतो, जातो.
(आमच्याकडं बाईसुद्धा 'जातो' म्हणते.
फॉर्मवर खूण मात्र 'स्त्री'पुढं.)

पहिली तारीख सत्तावन्न दिवसांनंतरची.
त्या दिवशी साहेब बैठकीला.
दुसरी अठ्ठेचाळीस दिवसांनी,
तेव्हा ट्रॅकवर निवडणुकीच्या जीपा.
तिसरीच्या आधी लर्निंगच संपलं.
पुन्हा फी, पुन्हा फोटो.
नव्या फोटोत मी
जुन्या फोटोची थोरली बहीण.

स्कूटर घरी उभी. हप्ता पाच तारखेला येतो,
त्याला कोण नाळे म्हणत नाही.
सीटवर कोंबडीनं दोनदा अंडं घातलं.
खडेबाजारातनं साड्यांचे गठ्ठे आणायचे,
फॉल, पिको, परत पोचवायचे, एवढं माझं काम.
कंडक्टर गठ्ठ्याचं तिकीट वेगळं फाडतो.

चिंचेखाली हलगेकर एजंट:
"वैनी, कशाला ही तंगडतोड? दोन हजार.
घरात बसून पास."
दोन हजार म्हणजे चाळीस साड्या, मान मोडून.

आणि ट्रॅक तरी काय,
सिमेंटवर रंगवलेला एक आठ.
इंग्रजी आठ.
आमचा ८ उघडा, कन्नडचाही उघडाच,
कुठनं तरी बाहेर पडता येतं.
हा बंद. फिरत राहा.

संक्रांतीनंतर नव्या इन्स्पेक्टर आल्या, शिवलीला अंगडी.
पहिल्या दिवशी त्या आत गेल्याच नाहीत,
आमच्या रांगेत उभ्या राहिल्या घड्याळ बघत.
मग मोडक्या मराठीत म्हणाल्या,
"गाडी चार मिनिट. कागद एकवीस मिनिट.
हे उलटं कशाला?"
कागद रांगेतच बघायचे ठरलं. टेस्ट उजाडताच सुरू.
दुसरा ट्रॅक? टेंडर येईल तेव्हा येईल,
तोवर मागच्या पटांगणात चुन्यानं काढा.
शिपायानं काढला तो आठ नव्हता,
बटाटा होता.

मी म्हटलं, सरका जरा.
खिळा रोवला, सुतळी बांधली,
ब्लाउजचा गळा आखतो तसे दोन गोल आखले,
कंबरेत जोडले.
"टेलर?" मॅडमनी विचारलं.
"फॉल-पिको."

भाड्याच्या स्कूटरवर माझा नंबर आला.
पहिला गोल सुईसारखा गेला.
दुसऱ्याकडं वळताना, बरोबर कंबरेत,
मीच जोडलेल्या जागी,
पाय टेकला.
मॅडमनी लिहिलं, फेल. ओळखदेख काही नाही.
हलगेकर चिंचेखालनं हसला.

हेल्मेट काढता काढता मी मोजायला लागलो,
सत्तावन्न दिवस, दोन हप्ते, गठ्ठे किती,
लर्निंग तोवर पुरतंय का.
"आठ दिवसांनी या," त्या म्हणाल्या.
मी तिथंच उभी.
"आठ," त्यांनी बोटानं चुन्याकडं दाखवलं,
आणि पुढच्याला हाक मारली.

सातव्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला.
कट्टीमनी. चष्मा कुठं होता, दिसलं नाही.
"नंबर बारा. नाळे बन्नि."
मी विचारलं, खरंच नाळे?
तो थोडा वेळ गप्प.
मग म्हणाला, "होय की हो बाई."

त्या रात्री भुताला झोप नव्हती.
सव्वापाचच्या गाडीसाठी
चारलाच येऊन उभं राहिलं स्टँडवर,
हातात पिशवी, पिशवीत उद्या.