ओलावा, टक्क्यांत

पालद्याच्या डाळ मिलमध्ये माझं काम एवढंच :
पोत्यात परखी खुपसायची, मूठभर तूर ओढायची,
यंत्राच्या वाटीत ओतायची
आणि काचेत उमटेल तो आकडा वहीत लिहायचा.
अकरा, साडेदहा, बारा.
बाराच्या वर गेला की शेठ भाव तोडतात.
कुणाचा तोडतात, त्याला वहीत रकाना नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मलावीचा माल आला.
बारदानावर निळी अक्षरं, बोटीचा कुबट वास,
आणि आकडा चौदा.
मी शेरा मारला : ओली.
शेजारी तियामिके उभी होती,
हातचक्कीवर डाळ पाडायला शिकायला तीन महिन्यांसाठी आलेली,
डोक्याला रुमाल, भुवयांवर पिवळी भुकटी.
तिनं चार दाणे दाताखाली धरले.
बाजारात शिकलेल्या हिंदीत म्हणाली,
ओली कसली, घाईची आहे ही.

मग गोणीवर बसून सांगत राहिली :
तूर निघते तेव्हा व्यापाऱ्याची गाडी दारातच उभी असते.
शाळेची फी, नवऱ्याचा हिवताप, उसनं आणलेलं मीठ,
सगळे एकाच आठवड्यात हात पसरतात.
अंगणात वाळवायला आठ दिवस लागतात,
ते आठ दिवस कुणाजवळ नसतात.
आणि जानेवारीत मका शेतात हिरवा, कणगी रिकामी,
तेव्हा कच्चे आंबे उकडायचे
आणि आपलीच तूर दुप्पट भावानं
वाटीवाटीनं परत आणायची.

मी लगेच शहाणपणा केला.
म्हटलं, आमची आई डाळीला एरंडेल चोळायची,
वर कडुलिंबाचा पाला. भुंगा फिरकत नसे.
ती हसली. राख आम्हीही घालतो.
भुंग्याचं आमचं आम्ही बघू.
दम कसा धरायचा, ते तुझ्या आईला येत होतं का?

मला आठवलं ते वर्ष,
बाबांच्या कापड मिलचा भोंगा वाजेनासा झाला तेव्हाचं.
फळीवर एरंडेलाची बाटली भरलेली होती.
चोळायला डाळ नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी आम्ही बर्तन बाजारात गेलो.
तिला कुलपं हवी होती. तीन.
एकाच कोठीला? हो, एकाच दाराला.
अकरा बायका, दरेकीची एक गोणी,
किल्ल्या तीन घरांत :
एक सासूकडे, एक चर्चजवळच्या एस्नातकडे,
आणि एक तिच्याकडे, जिच्याशी तियामिकेचं बोलणं बंद आहे.
तीच सगळ्यांत भरवशाची, म्हणाली,
मला ती कधीच लवकर उघडू देणार नाही.
दुकानदारानं पन्नास रुपये कमी केले.
तिनं आणखी दहा तोडायला लावले.

पुढल्या वर्षी दिवाळी गेली. संक्रांत गेली.
शेठ फोनवर चिडत राहिले.
होळीच्या आधी दोन ट्रक आले,
तसंच बारदान, तीच निळी अक्षरं.
परखी घातली. वाटीत दाणे काचेच्या मण्यांसारखे वाजले.
साडेनऊ.
वाटी रिकामी करून पुन्हा भरली.
साडेनऊ.

ही त्यांचीच, असं मला म्हणता येणार नाही.
हजारो गोण्यांत अकरा कशा ओळखायच्या?
आणि अकरातल्या किती त्यांनी विकल्याच नाहीत,
जानेवारीत शिजवून पोरांच्या पुढ्यात वाढल्या,
ते तर कुठल्याच यंत्राच्या काचेत दिसत नाही.

शेठ म्हणाले, माल कोरडा आहे, पण यंदा महाग पडला.
मी मान डोलावली. आकडा लिहिला.
शेऱ्याचा रकाना तसाच सोडला.

त्या महिन्यात तूरडाळ किलोमागे अठरा रुपयांनी चढली.
घरी मी वरणात एक तांब्या जास्तीचं पाणी घातलं.
पोरानं विचारलं, आज इतकं पातळ?
म्हटलं, जेव गुपचूप.
कुणीतरी दम धरलाय.