तितूर ऑफलाइन आहे

रात्रीचे अडीच. हिंगण्याच्या शेडबाहेर चौतीस,
आत एकेचाळीस,
उमरेडच्या तिसऱ्या बोर्डावर अठ्ठ्याऐंशी.

सॉफ्टवेअरमध्ये यंत्रांना नावं द्यायची सोय आहे.
चांडक शेठ म्हणाले होते, नंबर टाक, एक ते चौसष्ट.
मी टाकली छोट्या गाडीची स्टेशनं,
इतवारीपासून नागभीडपर्यंत.
ती संपली तेव्हा फाटकं,
फाटकं संपली तेव्हा फाटकवाले.
म्हणून माझ्या पडद्यावर भिवापूरचा पंखा घरघरतो,
कुही सगळ्यात जास्त वीज खाते,
आणि सुखदेव नेवारे
दर मंगळवारी आपोआप रीस्टार्ट होतो. कारण सापडलेलं नाही.

बाबा तितूरला पॉइंट्समन होते.
फोनवर विचारतात,
"काय खोदून रायला बे तू तिथं?"
आकडे, बाबा.
"मंग कपड्याले धूळ कायची?"
खसाची. कूलरच्या ताट्या वाळल्या
की काड्या उडतात, जाळीत बसतात,
दम लागतो यंत्रांना.

पंच्याऐंशीला वेग उतरव, पंच्याण्णवला थांब:
दोन ओळींचा नियम, मीच लिहिलेला.
मे महिन्यात भाव चढला.
शेठ म्हणाले, दुसरी ओळ खोड.
खोडली.
तेवीस तारीख, दुपारी तीन दहा, तितूर.
आधी वास. मग शून्य. मग लाल टिंब.
वासाची नोंद कुठेच नाही.

जळके बोर्ड भंगारात गेले.
रॅकमधल्या त्या चौकोनात मी आता डबा ठेवतो.
रोज पडदा विचारतो,
तितूर प्रतिसाद देत नाही. यादीतून काढायचे?
मी 'नाही' दाबतो.
मग दर तीस सेकंदांनी
एक हाक जाते तितूरला,
डब्यापर्यंत जाऊन परत येते.

बाबांना सांगितलं हे, तर हसतील वाटलं.
ते म्हणाले, शेवटची गाडी गेली
त्याच्यानंतर सहा दिवस ड्युटी होती माझी.
संध्याकाळी हातबत्तीची काच पुसून ठेवत होतो.
"कोणी सांगतलंच नाही ना बे,
नको पुसू म्हणून."

उमरेड एकोणनव्वद.
दुसरी ओळ परत लिहितो. शेठ सकाळी बघतील.
बादली उचलतो,
ताट्यांवर पाणी मारायला जातो.