अर्धा गुण

चौथीच्या वह्या तपासत होते,
ओसरीत, लाइट गेलेली,
एका हातानं वही, दुसऱ्यानं तिच्याच पुठ्ठ्याचा वारा.

उंच × ठेंगणा. बरोबर.
ओला × कोरडा. बरोबर.
एकानं 'सुका' लिहिलं, तेही चालतं.
वावर × घर.
हे पुस्तकात नव्हतं,
पोट्ट्यानं मनानंच वाढवलं होतं.

मग तृप्ती मांगुळकर, हजेरी क्रमांक अकरा:
वाढणे × विकणे.
मी फुली मारली. शेजारी लिहिलं, घटणे.
खाली, वाक्यात उपयोग करा:
'काल सात वाढल्या तरी माय काईच नाई बोलली.'
सात काय? कर्ता कुठं आहे?
आणखी एक फुली.

बुधवारी बाजारात
फल्लीवाला आणि कुकरचे रबर विकणारा,
त्यांच्या मधल्या पोत्यावर बेबीताई मांगुळकर.
सहज बसले बांगड्या भरायला.
"हात ढिला सोडा, बाई. अंगठा आत घ्या.
खडूनं लय कोरडा झाला हात."
तीन गेल्या.
चौथी, हिरवी, हाडाशी अडली
आणि कट्‌.
"वाढली," बेबीताई म्हणाल्या,
पाहुणे आले म्हणतात तशा आवाजात.
तुकडे डालड्याच्या डब्यात टाकले,
मनगटावरचा लाल ठिपका पदरानं टिपला.
"तिचे पैसे घ्या ना."
"वाढलेलीचे नाई घेत आमी. इकलेलीचे घेतो."

मागं तृप्ती, गुडघ्यावर वही,
तीच, शाळेची, उलट्या बाजूनं सुरू केलेली.
मधोमध उभी रेघ:
इकडे विकल्या, तिकडे वाढल्या.
तिकडच्या रांगेत तिनं एक काडी ओढली.
ती माझी.

मी बसून राहिले.
एक म्हातारी आली, भाव करून गेली.
एक पोरगी नुसतेच रंग पाहत उभी राहिली,
तिची कुठल्याच रांगेत काडी नाही.

ऊन उतरलं तशी बेबीताईंनी हाक दिली,
"चाल वं, दुकान वाढव."
तृप्तीनं दोर सोडले,
पुठ्ठ्याच्या नळकांड्या एकात एक,
गोणपाटाची घडी, घडीची घडी,
आणि वाढत वाढत सगळं दुकान
एका पत्र्याच्या पेटीत मावलं.

मी वही मागितली.
पेन पर्समध्ये होतंच, लालच.
वाक्याची फुली खोडली, पूर्ण गुण.
'विकणे'पाशी थांबले.
गाइडात घटणे आहे,
केंद्रप्रमुख वह्या उघडून पाहतात.
लिहिलं, अर्धा.

"बाई, अर्धा काहून?"

शाळेत मी याला 'का' म्हणायला लावते.
इथं नाही लावलं.
पेटीवर बसून ती उत्तराची वाट पाहत होती,
तिची माय डब्यातले तुकडे हलवत होती,
हिरवे, लाल, सोनेरी, एकच आवाज.

मी म्हटलं, "येते हं,"
आणि गेले.