एक ते पाचपैकी

शाळेकडून पाकीट आलं. आत दोन फॉर्म:
पांढरा पालकांचा, पिवळा मुलांचा,
आणि तळाशी बारीक टाइपात,
कृपया एकमेकांची उत्तरं पाहू नयेत.

पिओरियात मार्चमध्ये बर्फ काळा पडतो,
पार्किंगच्या कडेला ढीग करून ठेवलेला,
कुणी न्यायला न आलेल्या सामानासारखा.
त्यातून पाय सांभाळत मी सभेला गेले.

लायब्ररीत मुलांच्या मापाच्या खुर्च्या,
सगळ्यांचेच गुडघे वर आलेले.
ट्रॅक्टरच्या कारखान्यातून थेट आलेला एक बाप म्हणाला,
बसमध्ये एका बाकावर तिघं बसतात, चौथा दप्तरावर.
एक बाई म्हणाली, गणिताला यंदाचा हा तिसरा मास्तर.
मग एक आजोबा उठले, इथेच शिकलेले,
आमच्या वेळी जिमची फरशी अशी होती की
बघून भांग पाडावा. आता मधोमध बादली.
मुख्याध्यापिका ऑटिंगरबाई सगळं लिहून घेत होत्या,
त्यांच्या पेनाची शाई मध्येच संपली
तरी हात थांबला नाही.

मीही बोलले. वाक्यं घरी घोकून नेली होती.
गृहपाठ कमी पडतो, म्हणाले. स्पर्धा नाही, म्हणाले.
खाली बसल्यावर कळलं,
हे तर पेठकरांचं बोलणं, गणपतीच्या जेवणातलं:
"दहापैकी चार आहेत हो त्या शाळेला.
नदीपलीकडे घर बघा. हप्ता वाढेल,
पण पोराचं सोनं होईल."

मुलांपैकी कुणी बोलेल का?
बराच वेळ नुसता हीटरचा आवाज.
मग मागून एकजण, पायाशी ट्रॉम्बोनची पेटी,
"एकशे बारा नंबरच्या खोलीतलं घड्याळ
सात मिनिटं मागे आहे.
ते दुरुस्त करू नका, प्लीज."
लोक हसले. तो हसला नाही.
का, ते कुणी विचारलं नाही. मीसुद्धा.

घरी ओजस कॉर्नफ्लेक्स खात होता, रात्री नऊला.
शाळा कशी आहे रे तुझी?
"ठीक."
आणि एकशे बारामध्ये काय आहे?
चमचा थांबला.
"डिमार्कस बोलला ना? बोलणार म्हणालेलाच."
मग वाडग्यात बघत,
"जेवणाच्या सुट्टीआधीचा तास तिथे असतो.
घंटा त्या मजल्यावर वाजत नाही,
कोव्हाचबाई घड्याळ बघूनच सोडतात.
आम्ही पोचतो तोवर सगळी टेबलं भरलेली,
कोण कुणाजवळ ते ठरलेलं.
मग खिडकीजवळचं उरलेलं टेबल आमचं.
उशिरा आलेल्यांचं.
तिथे कुणी कुणाला विचारत नाही, बसू का म्हणून."

आणि सहावीत? तेव्हा कुठे बसायचास?
"बसायचो नाही. नळापाशी उभा राहायचो.
बाटली भरायला वेळ लागतो, असं."

अख्खं वर्ष डबा अर्धा परत यायचा.
मी मेथीला दोष दिला,
पराठे सोडून पास्ता सुरू केला,
डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या आणल्या.

तो झोपल्यावर मी पिवळा फॉर्म पाहिला.
पाहू नये असं लिहिलं होतं, तरी पाहिला.
इमारत, शिक्षक, जेवण, सुरक्षितता,
सगळीकडे तीनला गोल.
एका सरळ रेषेत, पेन न उचलता काढल्यासारखा.
घड्याळांबद्दल प्रश्नच नव्हता.

पेठकरांचा मेसेज आला होता,
नदीपलीकडे एक घर निघालंय, रविवारी बघून या.
तिथली घड्याळं बरोबर चालत असणार.
मी छपराला एक दिला,
गणिताला दोन,
आणि पुढच्या रकान्यावर
पेन तसंच धरून बसले.